भरलेल्या टाकीचा हिशोब

7 सप्टेंबर 2019 रोजी औरंगाबादजवळ शेंद्र्याला महिला बचत गटांचा मोठा मेळावा भरला होता. गरीब घरांतल्या बायकांना गॅसजोडणी देणाऱ्या केंद्राच्या उज्ज्वला योजनेतली आठ कोटीवी जोडणी त्या मेळाव्यात पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. आठ कोटींची मुदत मार्च 2020 पर्यंत होती. काम सहा-सात महिने आधीच उरकले होते. सरकारी योजनेचे उद्दिष्ट मुदतीआधी पुरे होण्याचे प्रसंग आपल्याकडे विरळाच, तेव्हा कौतुक झाले ते योग्यच झाले. तीन महिन्यांनी, डिसेंबरात, महालेखापरीक्षकांचा म्हणजे कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यातला आकडा वेगळे सांगत होता. मार्च 2018 अखेर जोडणीला वर्ष उलटलेल्या 1.93 कोटी ग्राहकांनी वर्षाला सरासरी 3.66 टाक्या भरून घेतल्या होत्या. डिसेंबर 2018 पर्यंतच्या 3.18 कोटी ग्राहकांचा हिशोब केला, तेव्हा ही सरासरी 3.21 वर उतरली होती.

पाच माणसांच्या घरात दोन्ही वेळचा स्वयंपाक, चहा आणि दूध तापवणे एवढे सगळे गॅसवर करायचे, तर 14.2 किलोची टाकी महिना-सव्वा महिना जाते. म्हणजे वर्षाला दहा-बारा टाक्या. यात अंघोळीचे पाणी धरलेले नाही. सव्वातीन टाक्या घेणाऱ्या घरात गॅस फार तर चार महिने पुरणार. उरलेले आठ महिने त्या घरात चूलच पेटते.

गरीब घरांच्या इंधनाची चर्चा आपल्याकडे दोन टोकांना चालते. एका बाजूला जोडण्यांची संख्या, दुसऱ्या बाजूला टाकीचा भाव. दोन्ही महत्त्वाचे आहेत, पण खरी अडचण त्यांच्या मध्ये आहे. जोडणीचा प्रश्न बराचसा सुटला. भरण्याचा सुटला नाही. आणि तो नुसत्या भावाचा नाही. एका दिवशी, एकरकमी, रोख आठ-नऊशे रुपये हातात असण्याचा आहे.

आधी भाव पाहू. नोव्हेंबर 2020 मध्ये दिल्लीत घरगुती टाकी 594 रुपयांना होती. फेब्रुवारी 2021 मध्ये ती 794 झाली, ऑक्टोबर 2021 मध्ये 899, मे 2022 मध्ये हजाराच्या पार गेली आणि मार्च 2023 मध्ये 1,103 वर पोचली. मुंबईचा भाव याच्या रुपया-आठ आणे इकडेतिकडे असतो. दूरच्या जिल्ह्यांत वाहतुकीमुळे आणखी चढा. अडीच वर्षांच्या आत जवळजवळ दुप्पट. ऑगस्ट 2023 च्या अखेरीस 200 रुपये उतरले, मार्च 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आणखी 100 उतरले आणि एप्रिल 2025 मध्ये 50 चढले. तेव्हापासून 2025 सरेपर्यंत भाव दिल्लीत 853 आणि मुंबईत 852.50 राहिला. हा आढावा त्याच दरांवर बेतलेला आहे.

या चढणीतला एक काळ मात्र वेगळा काढून पाहायला हवा. मे 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय भाव पडले, बाजारभाव आणि सवलतीचा भाव एक झाला आणि खात्यात येणारे अंशदान थांबले. पुढे भाव चढले, अंशदान मात्र परतले नाही. उज्ज्वलाच्या कुटुंबांना 2020 मध्ये टाळेबंदीचा दिलासा म्हणून तीन टाक्या फुकट मिळाल्या, पण त्यानंतर मे 2022 पर्यंत त्यांनीही जवळजवळ पूर्ण भाव मोजला. मे 2022 मध्ये त्यांच्यासाठी टाकीमागे 200 रुपये सुरू झाले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ते 300 झाले. म्हणजे करोनाने मजुरी बुडवली होती नेमक्या त्याच दोन वर्षांत गॅस सर्वांत वेगाने चढला आणि गरिबाच्या पाठीशी कोणी नव्हते. या काळाबद्दल सरकारी निवेदने फारसे बोलत नाहीत.

भाव चढण्याचे कारण काही गूढ नाही. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आयात होतो, मुख्यतः आखातातून. सौदी अरामको दर महिन्याला प्रोपेन आणि ब्युटेनचा करारभाव जाहीर करते आणि आपल्याकडची किंमत त्याला बांधलेली आहे. 2020-21 मध्ये हा भाव टनाला सरासरी 415 डॉलर होता, 2022-23 मध्ये 712 डॉलर. रुपयाची घसरण त्यात मिळवा. सरकारचे म्हणणे असे की ही सगळी वाढ ग्राहकावर टाकलेली नाही, आणि ते खरे आहे. तेल कंपन्यांना तोट्यापोटी 2022 मध्ये 22,000 कोटी रुपये दिले गेले, 2025 मध्ये आणखी 30,000 कोटी मंजूर झाले. तिजोरीने भार सोसला हे मान्य करावेच लागते. पण तिजोरी आणि रोजंदारीवरचे घर यांची सोसण्याची ताकद सारखी नसते. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये होती. मुंबईच्या भावाने एक टाकी म्हणजे पावणेतीन दिवसांची मजुरी, तीही रोज काम मिळाले तर.

उज्ज्वलाच्या बाईला सवलत धरून टाकी 553 ला पडते, असे जाहिरातीत लिहिलेले असते. हिशोबाने बरोबर आहे. पण टाकी घेताना तिला 853 च मोजावे लागतात. 300 नंतर खात्यात येतात. खाते कोणते? जे आधारशी जोडलेले असेल ते, आणि ते कोणते हे अनेकींना ठाऊक नसते. बँक गावापासून लांब असेल तर 300 काढायला जाण्यात अर्धा दिवस आणि गाडीभाडे जाते. गॅसची गाडी गावात ठरल्या वारी येते, त्या दिवशी पैसे हातात नसले की नंबर लावलेला असूनही टाकी परत जाते. किराणा उधारीवर मिळतो, दळण उधारीवर मिळते. गॅस उधारीवर मिळत नाही. आणि गाडीवाल्याचे वरचे पाच-पंचवीस वेगळे.

आता सरासरी टाक्यांचे पुढे काय झाले ते पाहू. उज्ज्वला ग्राहकांची वार्षिक सरासरी 2019-20 मध्ये 3.01 होती. 2020-21 मध्ये टाक्या फुकट मिळाल्या तशी ती चारच्या वर गेली. फुकट टाक्या थांबल्या, भाव चढले आणि 2021-22 मध्ये ती 3.68 वर आली. सवलत सुरू झाल्यावर हळूहळू चढत 2024-25 मध्ये 4.47 झाली. पैसा दिला की वापर वाढतो, काढला की घटतो, एवढे सरळ चित्र सामाजिक योजनांच्या आकड्यांत क्वचित दिसते. सरासरीच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. राज्यसभेत 2022 मध्ये दिलेल्या माहितीनुसार 2021-22 या वर्षात 90 लाखांहून अधिक उज्ज्वला ग्राहकांनी एकही टाकी भरली नाही आणि एक कोटीहून अधिक ग्राहकांनी फक्त एक भरली. त्या वेळी एकूण जोडण्या नऊ कोटींच्या घरात होत्या.

अभ्यासकांनी गावोगाव जाऊन पाहिले तेही याला जुळते. कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात ग्राहकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उज्ज्वलाच्या सुमारे 35 टक्के घरांनी पहिल्या वर्षात एकदाही टाकी भरली नव्हती. बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या 2018 च्या पाहणीत उज्ज्वलाची 85 टक्के घरे अजून लाकूड-गोवऱ्या जाळत होती. महाराष्ट्राची स्थिती या राज्यांपेक्षा बरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे स्वच्छ इंधन वापरणारी घरे राज्यात 2015-16 मध्ये सुमारे 60 टक्के होती, 2019-21 मध्ये सुमारे 80 टक्के. देशाची सरासरी तेव्हा 58.6 होती. पण ही पाहणी मुख्य इंधन कोणते ते विचारते. मुख्य इंधन गॅस सांगणाऱ्या घरामागे चूल नसते असे नाही.

या चुलीचे अर्थशास्त्र शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. चुलीला पैसा लागत नाही, म्हणून ती स्वस्त वाटते. विदर्भात कापूस उलंगला की पऱ्हाट्या घरी येतात, मराठवाड्यात तुराट्या, ऊसपट्ट्यात पाचट आणि वाळलेली खोडे, कोकणात माडाच्या झावळ्या, घाटाखाली जंगलातल्या काटक्या. जनावरे असतील तर गोवऱ्या. ज्याचे शेत त्याचे जळण. भूमिहीनाने बांधावरचे किंवा रानातले वेचायचे. पावसाळ्यात सरपण ओले होते, तेव्हा गॅसचा नंबर लागतो. सुगीत दोन वेळची मजुरी चालू असते, तेव्हाही बाईला चुलीपुढे बसायला सवड नसते आणि हातात चार पैसे असतात, म्हणून गॅस पेटतो. माघ-फाल्गुनात काम आटले की टाकी कोपऱ्यात जाते. वर्षाला तीन-चार टाक्या ही सरासरी आळसातून किंवा अज्ञानातून आलेली नाही; ती या ऋतुमानाप्रमाणे काटेकोर काढलेल्या हिशोबातून आली आहे. पाहुणे आले तर, मूल आजारी असले तर, पहाटे चहाला, एवढ्यासाठी टाकी राखून ठेवायची. अंघोळीचे पाणी तर गॅस असलेल्या बऱ्यापैकी घरांतही बंबावर किंवा परसातल्या चुलीवरच तापते.

मोळीचा भाव मात्र कोणीतरी देत असतेच. तो देते घरातली बाई, वेळाने आणि छातीने. सरपणाची फेरी म्हणजे अर्धा दिवस, डोक्यावर वीस-पंचवीस किलो. चंद्रपूर-गडचिरोलीत याला वाघाची जोड आहे. सरपणाला, मोहाला, तेंदूला जंगलात गेलेल्या माणसांवर हल्ले होतात. वनखात्याने 2015 पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांना 75 टक्के अनुदानाने गॅस द्यायला घेतला तो म्हणूनच. घरातल्या धुराची किंमत वेगळी. 2017 या एका वर्षात देशात सुमारे 4.8 लाख मृत्यू घरातल्या वायुप्रदूषणाशी जोडता येतात, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिच्या सहकारी संस्थांचा अंदाज आहे. घरखर्चाच्या पाहणीत यातले काहीही उमटत नाही. 2022-23 च्या पाहणीत ग्रामीण घराच्या खर्चात इंधन आणि दिवाबत्तीचा वाटा 6.66 टक्के निघाला आणि तो पूर्वीपेक्षा कमी आहे म्हणून समाधान व्यक्त झाले. फुकट वेचलेल्या मोळीमागचा दिवस त्यात कुठल्या रकान्यात धरायचा?

रॉकेलचे काय झाले, हा या आढाव्यातला विसरला गेलेला भाग आहे. 1972 साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने लाटणे मोर्चे निघाले, तेव्हा तेल-साखरेबरोबर रॉकेलही भांडणाच्या मुळाशी होते. चाळीत, झोपडपट्टीत, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत वातीचा नाही तर पंपाचा स्टोव्ह हेच इंधन होते. रॉकेल वासाचे, काजळीचे, भडक्यात जीव घेणारे. त्याच्या नावाने गळा काढण्याचे कारण नाही. भेसळीत आणि काळ्या बाजारात ते किती जात होते हेही सर्वांना माहीत आहे. पण त्याचा एक गुण गॅसकडे नाही. ते पाव लिटर मिळायचे. दिवसाच्या मजुरीतून दिवसाचे जळण घेता यायचे. केंद्राने जुलै 2016 पासून रेशनच्या रॉकेलचा दर दर महिन्याला, पुढे दर पंधरवड्याला 25 पैशांनी वाढवत नेला आणि 2020 पर्यंत त्यावरचे अंशदान संपवले. शिधापत्रिकेवर गॅसचा शिक्का पडला की कोटा बंद. टाकी रिकामी असली तरी शिक्का भरलेलाच राहतो. किरकोळीने मिळणारे एकमेव इंधन काढून घेतले आणि त्याच्या जागी घाऊक मापाचे इंधन ठेवले, असा हा बदल आहे.

त्याची भरपाई बाजाराने आपल्या पद्धतीने केली. ज्या मजुराकडे स्थानिक पत्ता नाही, जोडणी नाही, तो छोट्या शेगडीत किलोवर गॅस भरून घेतो. तो गॅस घरगुती टाकीतूनच चोरून काढलेला असतो, किलोमागे सरकारी भावापेक्षा पुष्कळ महाग पडतो आणि स्फोटाचा धोका फुकट मिळतो. गरिबाला गॅस महाग आहे असे म्हणताना हा थर धरलाच पाहिजे: सर्वांत गरीब ग्राहक सर्वांत जास्त भाव देतो.

यावर राज्यांनी काढलेला तोडगा म्हणजे फुकट किंवा स्वस्त टाकी. राजस्थानात 500 आणि मग 450 रुपयांत, मध्य प्रदेशात लाडली बहना योजनेतल्या महिलांना 450 मध्ये, तेलंगणात 500 मध्ये, आंध्रात वर्षाला तीन फुकट. महाराष्ट्राने जून 2024 च्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जाहीर केली: उज्ज्वलाच्या 52 लाख लाभार्थी आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र महिला यांना वर्षाला तीन टाक्यांचे पैसे. उज्ज्वलाच्या टाकीवर केंद्राचे 300 वजा करून राज्य 530 देणार, इतरांना 830. विधानसभा निवडणूक काही महिन्यांवर होती हे सगळ्यांना दिसत होते, पण म्हणून योजना वाईट ठरत नाही; तीन टाक्या म्हणजे घराला तीन-साडेतीन महिन्यांचा धूर कमी. खोट तपशिलात आहे. जोडणी बाईच्या नावावर हवी, आणि बहुतेक जुन्या जोडण्या पुरुषांच्या नावावर. शिधापत्रिकेमागे एकच लाभार्थी. आणि इथेही आधी पूर्ण पैसे मोजा, मग खात्यात घ्या. ज्या घरात टाकीच्या दिवशी 853 नाहीत, त्या घराला फुकट टाकीही परवडत नाही.

पाच किलोच्या छोट्या टाकीत या अडचणीचे बरेचसे उत्तर होते. उज्ज्वलाच्या ग्राहकाला मोठीऐवजी छोटी घेता येते, सवलतही वजनाच्या प्रमाणात मिळते, भाव तीनशेच्या आसपास येतो. कागदावर ही सोय अनेक वर्षे आहे. पण छोटी टाकी वारंवार पोचवण्यात वितरकाला सुटत काही नाही, म्हणून ती ठेवली जात नाही. मागणी नाही, असे मग सांगितले जाते. अन्नपूर्णा योजनेनेही फक्त 14.2 किलोचीच जोडणी धरली. ही चूक मला अनाकलनीय वाटते.

इतर पर्याय लवकर पाहून होतात. पाइपचा गॅस स्वस्त पडतो, वापराल तेवढ्याचेच पैसे आणि तेही मागाहून. गरिबाच्या सोयीचे याहून दुसरे इंधन नाही. पण तो जातो टॉवरांत. अरुंद गल्ली, कच्ची भिंत आणि मालकीचा कागद नसलेले घर यांच्यापर्यंत नळी येत नाही. बायोगॅसमध्ये महाराष्ट्र आघाडीवर राहिला आहे. देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या गॅससंयंत्रावर आयुष्य घातले, पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित तंत्रज्ञान संस्थेला खरकट्यावर चालणाऱ्या आटोपशीर संयंत्रासाठी 2006 चा ॲशडेन पुरस्कार मिळाला, सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने गावोगाव संयंत्रे उभी केली. पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागते. ज्याच्या दारात चार जनावरे आहेत, तो या लेखातला माणूस नव्हे.

इंडक्शन शेगडीचा सल्ला हल्ली वरचेवर दिला जातो. एका टाकीचे काम करायला इंडक्शनला साधारण 140 युनिटे लागतात. महावितरणचा घरगुती दर 2025 मध्ये वहन आकारासह पहिल्या 100 युनिटांना सहा रुपयांच्या आसपास, पुढच्या 200 युनिटांना अकराच्या आसपास. दिवे, पंखा, टीव्ही मिळून 70 युनिटे वापरणाऱ्या घराने महिन्याचा सगळा स्वयंपाक विजेवर नेला, तर वाढीव 140 पैकी 30 युनिटे सहाने आणि 110 अकराने पडतील: 180 अधिक 1,210, म्हणजे 1,390 रुपये. टाकी 853 ची. स्वयंपाकाच्या विजेला वेगळा दर लावल्याशिवाय हा सल्ला गरीब घराला देऊ नये.

‘बायकांना चुलीवरच्या भाकरीची चव सोडवत नाही, म्हणून गॅस पडून राहतो’ असेही एक मत ऐकू येते. चव असते, खरेच असते. हायवेवरचे ढाबे ‘चुलीवरचे मटण’ अशी पाटी लावून त्याचे पैसे घेतात. पण ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपल्याकडे तमिळनाडूत सुमारे 3,200 गर्भवती स्त्रियांच्या घरी एक मोठी चाचणी झाली. निम्म्या घरांना शेगडी आणि 18 महिने लागेल तेवढा गॅस फुकट आणि घरपोच दिला. त्या घरांनी चूल जवळजवळ पूर्ण सोडली. (बाळांच्या जन्मवजनात अपेक्षित फरक मात्र दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.) गॅस परवडला आणि दारात आला, तर चवीचा प्रश्न उरत नाही.

तेव्हा भांडायचे कशासाठी ते ठरवायला हवे. जागतिक भाव आपल्या हातात नाही. पण सवलतीचे 300 टाकी घेतानाच वजा करणे हातात आहे. त्यात बनावट ग्राहक शिरतील ही भीती 2015 मध्ये रास्त होती. टाकी देताना मोबाइलवर सांकेतिक क्रमांक विचारला जातो, आधार पडताळणी होते, त्या काळात ती तेवढी उरत नाही. छोटी टाकी ठेवणे वितरकाला बंधनकारक करून त्याला पोचवणुकीचा जादा मोबदला देता येईल. आणि सरकारने दर वर्षी जोडण्यांऐवजी भरलेल्या टाक्यांचा जिल्हावार आकडा छापावा. एकही टाकी न भरलेली घरे कुठल्या तालुक्यात आहेत ते गावकऱ्यांना, पंचायतीला, आमदाराला कळू द्यावे.

प्रत्यक्षात उलट दिशेने एक पाऊल पडले आहे. उज्ज्वलाच्या सवलतीच्या टाक्यांची वार्षिक मर्यादा 12 होती. ऑगस्ट 2025 मध्ये 12,000 कोटींची तरतूद मंजूर करताना ती 9 केली गेली. सरासरी साडेचारच्या आत असल्याने बहुतेक घरांना ही कपात जाणवणार नाही. जी थोडी घरे चूल खरोखर सोडून पूर्ण गॅसवर आली, कात्री लागली ती त्यांना.